अग्नी आणि तराजू



१८९० साली सयाजीराव महाराजांनी वडोद्यात कलाभवन स्थापिले व त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर या रसायनज्ञाकडे सोपविली. रंगाच्या हौदाला किती ताव द्यावा, हे तोवर रंगाऱ्याच्या हातालाच ठाऊक असे. हातातले हे ज्ञान शिकविता यावे, हा त्या संस्थेचा एक हेतू. त्याही पूर्वी 'रसरत्नसमुच्चय'कारांनी गजपुट, वराहपुट, कुक्कुटपुट असे भेद करून खड्ड्याचे माप व गोवऱ्या यांवरून अग्नी मोजला होता. दाहाला प्रमाण हवे, ही जाण आपल्याकडे जुनीच.

जपानच्या कोतारो होंडा यांनी १९१५ साली भट्टीला तराजू जोडला. आजच्या प्रयोगशाळेतील भट्टी लहानशी असते. तिच्यात काही मिलिग्रॅम पदार्थ नाजूक तराजूवर तोललेला राहतो. संगणक मिनिटाला, समजा, दहा अंशांनी ताप वाढवितो आणि घटत्या वजनाची नोंद ठेवतो. यंत्राची पारख करण्यासाठी बहुधा जलयुक्त कॅल्शियम ऑक्झलेट घेतात. अळूने घसा खवखवतो तो याच जातीच्या स्फटिकांमुळे! त्याच्या शंभर भागांतून प्रथम १२.३ भाग पाणी जाते, मग १९.२ भाग कार्बन मोनॉक्साइड, शेवटी ३०.१ भाग कार्बन डायऑक्साइड. उरतो तो ३८.४ भाग चुना. ही अखेरची पायरी म्हणजे चुनाभट्टीचेच काम.

मात्र संगणकाने काढलेली रेषा कितीही रेखीव असली, तरी तिला डोळे मिटून मान देता येत नाही. भोवतालचा वायू तापून विरळ झाला की त्याची उद्धारक शक्ती घटते आणि रिकामे पात्रही जड झाल्याचे दिसते! म्हणून आधी रिकाम्या पात्राची नोंद घेऊन ती वजा करावी लागते. ताप झपाट्याने वाढविला, तर विघटन अधिक तापमानाला झाल्यासारखे भासते; कोणता वायू वाहत होता, यानेही आकडे पालटतात.

कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला, १९६९ साली पेट्रोकेमिकल्सची संस्था आली. प्लॅस्टिकशी अशी गाठ पडलेल्या नगरीत ही बाब केवळ पुस्तकी नाही. विजेच्या तारेवरचे पीव्हीसी अतितापाने हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सोडते. ते किती ताप सोसेल, हे ठरविताना एकाचा नमुना मिनिटाला पाच अंशांनी आणि दुसऱ्याचा वीस अंशांनी तापविला, व वेग न लिहिता नुसते आकडे शेजारी मांडले, तर निकृष्ट माल सरस ठरून घराच्या भिंतीत जाऊ शकतो.