काही दिसलं नाही, तेही लिहा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख ‘वाघ मोजणारा’ अशी करून दिली. खरं सांगतो, त्या सहा दिवसांत मला एकही वाघ दिसला नाही. मी मोजल्या त्या मुख्यतः लेंड्या.

बँकेतून निवृत्त झाल्यावर व्याघ्रगणनेला स्वयंसेवक म्हणून मेळघाटात गेलो. ही गणना देशभर दर चार वर्षांनी होते. माझ्या डोक्यात बुद्धपौर्णिमेचं चित्र होतं. पाणवठा, मचाण, चांदणं आणि सोबत घरचा डबा! तो अनुभव छानच असतो. पण एकच सांबर रात्रीत दोनदा पाण्यावर आलं तर एक धरायचं की दोन, हे मचाणावर बसून कळत नाही. ही गणना वेगळी. एका वनरक्षकाकडे असलेला जंगलाचा तुकडा म्हणजे बीट. आधी त्या बीटमधल्या वाटांवरून आणि ओढ्याच्या वाळूतून पाच-पाच किलोमीटर हिंडून वाघ, बिबट, अस्वल यांच्या खुणा शोधायच्या. पावलांचे ठसे, विष्ठा, खोडावरचे ओरखडे. मग ठरलेल्या दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवरून पहाटे चालायचं. तीच रेषा, तीन वेगवेगळ्या सकाळी.

रेषेवर जनावर दिसलं की जात, संख्या, होकायंत्रावरची दिशा आणि अंतर लिहायचं. अंतर कशाला, असं मला आधी वाटलं. पण झाडीत जवळचं जनावर दिसतं आणि लांबचं नजरेतून सुटतं. किती सुटलं असेल, याचा हिशेब या अंतरांवरूनच मांडतात. म्हणजे न दिसलेल्या जनावरांचा अंदाजसुद्धा दिसलेल्यांच्या नोंदी चोख असतील तरच बरोबर येतो.

माझ्याबरोबर एक कोरकू वनमजूर होते, वयाने माझ्याएवढे. मी त्यांना दादा म्हणायचो. सागाच्या वाळक्या पानांवर माझे बूट करकरायचे, त्यांच्या चपलांचा आवाजही नसायचा. पहिल्या सकाळी तीन सांबरं, एक भेकर आणि रानकोंबडे मिळाले. मी खूश. दुसऱ्या सकाळी काहीच नाही. दीड किलोमीटर झालं तरी कागद कोरा. तेवढ्यात डावीकडे खसफस झाली आणि काहीतरी तपकिरी हललं. मी लिहिलं : भेकर, एक, अंतर तीस मीटर.

दादांनी विचारलं, “साहेब, दिसलं तुम्हाला?”

“आवाज आला ना!”

“आवाज तं वाऱ्याचाबी येते.”

मित्रांनो, त्या क्षणी मला आपली दहावीची प्रयोगशाळा आठवली. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग. उत्तर दहा सेंटिमीटर येणार हे आधीच्या तुकडीकडून कळलं होतं, म्हणून मी पाचही निरीक्षणं बरोबर दहा लिहिली. सरांनी लाल शाईने शेरा दिला : ‘भिंग इतके आज्ञाधारक नसते.’ सर, तेव्हा आम्ही तुमच्यावर आठवडाभर रुसलो होतो.

मी ती ओळ खोडली आणि दुसऱ्या सकाळच्या रकान्यात शून्य लिहिलं. हात जड झाला होता. चार तास प्रवास करून आलेल्या माणसाला शून्य लिहिणं फार अवघड जातं. पण माझ्यासारख्या प्रत्येकाने आपल्या शून्याच्या जागी एक-एक भेकर भरलं, तर कागदावरचं जंगल भरलेलं आणि खरं जंगल रिकामं, असं होईल. आपल्या देशात ते झालंय. राजस्थानातल्या सरिस्क्यात वाघांची संख्या कागदावर येत राहिली आणि २००५ मध्ये उघड झालं की तिथे एकही वाघ उरलेला नाही. तोवर देशात काचेवर ठसे गिरवून वाघ मोजत. त्यानंतर ती पद्धत गेली आणि २००६ च्या गणनेपासून कॅमेरे आले. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात, कारण वाघाच्या उजव्या आणि डाव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. हे मला साठाव्या वर्षी कळलं!

बाकी जेवण, थंडी आणि गोचिडी यांच्याबद्दल पंगतीत बोलू.

एक विनंती करतो आणि थांबतो. शाळेमागच्या तळ्यावर महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, सकाळी एक तास पक्षी मोजायचे असं मी आणि बाईंनी ठरवलं आहे. दुर्बीण माझी. वही दाराशी टेबलावर ठेवली आहे, ज्यांना यायचंय त्यांनी नाव लिहा. पक्ष्यांची नावं येत नसली तरी चालेल. पहिल्या महिन्यात आम्हाला अकरा वंचक आणि तीन खंड्या मिळाले, दुसऱ्या महिन्यात तळ्यात म्हशी होत्या आणि पक्षी शून्य. तेही लिहिलंय. सर, तुम्ही एकदा पाहून सही करा.