घरातला अर्धा तास

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात वक्ता उभा राहिला की तो मेहनतीचे महत्त्व सांगणार, हे श्रोत्यांनी आधीच ओळखलेले असते. शिक्षक या नात्याने मीही तीस वर्षे तेच सांगत आलो. आज मात्र मी विश्रांतीवर बोलणार आहे. हा विषय आळसाचा आहे असे कृपया समजू नका. मेहनत टिकावी म्हणूनच मी तो निवडला आहे.

विश्रांती म्हटले की आपल्याला प्रवास आठवतो. वऱ्हाडातल्या माणसाला चिखलदरा आठवतो. सुमारे ११०० मीटर उंचीवरचे ते गाव, तिथली थंड हवा! पण आपल्यापैकी किती कुटुंबे दरवर्षी तिथे जाऊ शकतात? आणि जी जातात, त्यांना तरी वर्षातले दोन दिवस मिळतात. उरलेले दिवस घरातच काढायचे असतात. म्हणून विश्रांतीची सोय घरातच झाली पाहिजे.

आपल्या भागात ही सोय पूर्वी होती. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या बंद होत, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले जाई, आणि दुपारच्या सुमारास घरातली वडील माणसे थोडा वेळ आडवी होत. आपण त्याला कैलूला म्हणतो, शेजारचे मराठी कुटुंब वामकुक्षी म्हणते. रात्री अंगणात बाजा टाकल्या जात. ही चैन नव्हती. इथल्या उन्हाशी केलेली ती तडजोड होती. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचे कलम लागू करावे लागले आणि खाजगी शिकवण्यांनाही भर दुपारचे वर्ग टाळण्यास सांगावे लागले. जे आपले आजी-आजोबा सवयीने पाळत, ते आता आदेश काढून सांगावे लागते.

परंतु एक प्रश्न मला पुष्कळ उशिरा सुचला. त्या जुन्या दुपारी घरातले सगळेच विश्रांती घेत होते काय?

माझे वडील अमरावतीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की सुट्टी. आठवड्याला एक दिवस ते घरी असत. त्या दिवशी घरात जरा चांगले शिजे, पाहुणे येत, आणि आमच्या अम्मीचे काम दुप्पट होई. तिला दुपारी झोपलेली मी पाहिल्याचे आठवत नाही. आम्ही झोपायचो तेव्हा ती धान्य निवडायची. रमजानमध्ये सहरीसाठी सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर पाठ टेकायची. आम्हाला वाटे, अम्मी थकतच नाही.

वडिलांची ती सुट्टी आपोआप मिळालेली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने असे ठरवले की कोणत्याही कामगाराकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसासाठी कायद्याने एवढा विचार केला. चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसासाठी कायदा येणार नाही. तो विचार घरच्यांनीच करायचा आहे.

मी तो केला नाही, हे मला आज कबूल केले पाहिजे. शाळेत मी मुलांना वेळापत्रक करून देत असे. घरी माझ्या पत्नीला वेळापत्रकच नव्हते. पहाटे नळ आला की ती उठे. मग डबे, कपडे, सासूबाईंचे औषधपाणी, संध्याकाळचे रांधणे. एके दिवशी पीठ मळता मळता तिला भोवळ आली. डॉक्टरांनी तपासले. रक्त कमी निघाले. औषध लिहून दिल्यावर त्यांनी मला विचारले, "या दिवसातून कधी बसतात?" मला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे एका घरात राहून मला ते माहीत नव्हते.

हे एकट्या माझ्या घरचे दुखणे नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आणि २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. पुष्कळ पुरुष तर हातही लावत नाहीत.

कोणी म्हणेल, ही आपली रीत आहे. मी नम्रपणे विचारतो, कोणाची रीत? हजरत आयशा यांना विचारण्यात आले की पैगंबरसाहेब घरी काय करीत असत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. हजरत सलमान फारसी यांची हकीकतही आपल्याला ठाऊक आहे. त्यांचे मित्र अबू दरदा दिवसा रोजा आणि रात्रभर इबादत करीत, आणि घराकडे पाहत नसत. सलमान यांनी त्यांना रात्री झोपायला लावले आणि शरीराचा व घरच्यांचाही आपल्यावर हक्क असतो हे समजावले. पैगंबरसाहेबांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. म्हणजे विश्रांती हा हक्क आहे, आणि तो दुसऱ्याला देणे हे आपले कर्तव्य आहे.

आम्ही घरी कारखान्याचाच नियम लावला. दुपारी जेवणे झाली की अर्धा तास पत्नीला कोणी हाक मारायची नाही. टीव्ही बंद, मोबाईल बंद, पाहुणे आले तर चहा मी किंवा मुलगा करणार. जो तो आपले ताट धुणार. नळाचे पाणी पुरुषांनी भरायचे. सुरुवातीला फार अवघड गेले. पंधरा दिवस तिला झोपच येईना. भांडे वाजले की ती उठून बसे. आम्ही सांडलेली साखर तिला आतून कळत असे! आपल्याशिवाय घर चालते याचे तिला थोडे वाईटही वाटले असावे. हळूहळू ती निवांत पडू लागली. मग एक दिवस तिने मुलीचे सातवीचे पुस्तक मागितले. तिची शाळा सातवीतच सुटली होती. आता त्या अर्ध्या तासात ती कधी झोपते, कधी वाचते. तो वेळ तिचा आहे, मी विचारीत नाही.

पालकहो, आता मुलींविषयी. आपण मुलींना शाळेत घालतो, याचा या संस्थेला अभिमान आहे. पण परीक्षेच्या दिवसांत मुलाला आपण म्हणतो, "तू अभ्यास कर." मुलीला म्हणतो, "भांडी झाली की अभ्यास कर." ती रात्री दहाला पुस्तक उघडते, तेव्हा तिचे डोळे मिटत असतात. नापास झाली तर आपण म्हणतो, हिला अभ्यासात गती नाही. तिला गती आहे, तिला वेळ मिळालेला नाही. फी भरून आपली जबाबदारी संपत नाही. मुलीला घरात वेळ देणे हेही शिक्षणच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. दिवसा वाचलेले झोपेत मेंदूत पक्के होते. रात्रभर जागून केलेला अभ्यास पेपराच्या वेळी दगा देतो, हे मी पुष्कळ उत्तरपत्रिकांत पाहिले आहे. इशानंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. फजरला उठा, त्या वेळी आपल्याकडे मे महिन्यातही हवा गार असते. आणि उठल्यावर आपले अंथरूण आपण घडी करा. तेवढेच अम्मीचे एक काम कमी होईल.

आज घरी गेल्यावर फार काही करू नका. घरातले जे माणूस सर्वांत शेवटी जेवते आणि सर्वांत आधी उठते, त्याच्याजवळ बसा आणि डॉक्टरांनी मला विचारलेला प्रश्न त्यालाच विचारा. मग कोणती वेळ त्याची, हे सगळ्यांनी मिळून ठरवा.