प्रकाशाचा रंग बदलणारं कडं

आजचा विषय आहे एक कडं. व्यास साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढा. त्यात एका रंगाचा प्रकाश शिरतो आणि दुसऱ्याच रंगाचा होऊन बाहेर येतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, लाल काच लावली की प्रकाश लाल होतो. पण काच रंग बदलत नाही बरं का, ती बाकीचे रंग फक्त गिळते. इथे खरोखर तरंगलांबी बदलते.

हे पहिल्यांदा लेसरने दिसलं १९६१ साली. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून सोडला. पलीकडे ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किंचितसा मिळाला. बरोब्बर निम्मी तरंगलांबी! दोन लाल फोटॉन मिळून एक अतिनील फोटॉन तयार झाला होता. फोटोतला ठिपका इतका पुसट होता, की छपाईच्या वेळी तो डाग समजून पुसला गेला, असं सांगतात. म्हणजे निबंध छापून आला, पण पुरावा गायब!

ठिपका पुसट का? कारण पदार्थाचा हा गुण फार दुबळा असतो. तो जागा करायचा तर प्रकाश प्रचंड तीव्र हवा. मग एक तर मोठा लेसर आणा, नाहीतर थोडाच प्रकाश पुन्हा पुन्हा वापरा. कडं दुसरा मार्ग धरतं.

विजापूरचा गोलघुमट आठवा. भिंतीपाशी कुजबुजलं तर पलीकडच्या टोकाला ऐकू येतं, कारण आवाज भिंतीला धरून फिरतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या दशकात अशा वास्तूंचा अभ्यास केला होता, त्यात गोलघुमटही होता. आपल्या कड्यात हेच प्रकाशाचं होतं. उत्तम बनवलेल्या कड्यात तो बाहेर निसटण्याआधी शेकडो फेऱ्या मारतो. त्यामुळे थोडक्या वीजेवर चालणाऱ्या लेसरनेही आत तीव्रता खूप वाढते.

पण हे लागतं कशाला? इथे खरी गरज कळते. रुबिडियमचे अणू क्वांटम माहिती साठवायला चांगले, पण ते ७८० नॅनोमीटरचा प्रकाश देतात. अणूचा रंग निसर्गाने ठरवलेला, तो आपण बदलू शकत नाही. साध्या फायबरमध्ये या रंगाचे निम्म्याहून जास्त फोटॉन एका किलोमीटरात संपतात. १० किलोमीटरवर हजारातला एकही धड उरत नाही. १५५० नॅनोमीटरला मात्र निम्मे व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. आणि एकटा क्वांटम फोटॉन वाटेत वाढवताही येत नाही, त्याची हुबेहूब नक्कल निसर्गच करू देत नाही. गेला तो गेला!

म्हणून निघण्यापूर्वीच त्याचा रंग बदलायचा. लिथियम नायोबेटच्या कड्यात सोबत १५७० नॅनोमीटरचा लेसर सोडला, की ७८० चा फोटॉन दुभंगतो. एक भाग लेसरला मिळतो, दुसरा १५५० चा होऊन फायबरला लागतो. ऊर्जेचा हिशेब चोख जुळतो.

सोपं वाटतं ना? अडचण अशी, की तिन्ही रंग एकाच कड्यात एकाच वेळी नीट बसायला हवेत. प्रत्येकाच्या पूर्ण लाटा परिघात मावल्या पाहिजेत, शिवाय त्यांची पावलंही जुळली पाहिजेत. लेझीमच्या पथकात पाऊल चुकलं की ताल बिघडतो, तसंच. कड्याची रुंदी काही नॅनोमीटर इकडची तिकडे झाली, तरी गणित हुकतं. मग बारीक हीटरने कडं तापवून ते जागेवर आणतात.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे गोंगाट. लेसरचे अब्जावधी फोटॉन तिथेच फिरत असतात. त्यांच्यापासून चुकून एखादा १५५० चा फोटॉन तयार झाला, तर तो आपला की परका, हे ओळखणार कसं? माझ्या मते, 'किती टक्के रूपांतर झालं' यापेक्षा हा प्रश्न आधी विचारायला हवा.

२०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये, क्वांटम मेमरी असलेलं अनेक केंद्रांचं जाळं हे एक उद्दिष्ट आहे. अशा जाळ्यात अणूची भाषा वेगळी आणि फायबरची वेगळी. दोघांमध्ये दुभाषा लागणारच, आणि तो एकही शब्द पदरचा न घालणारा हवा.

प्रश्न असतील तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.