लामांना नवे घर देताना



पांजरपोळ ही संस्था जैन समाजाच्या परिचयाची आहे. भाकड गाय, पाय मोडलेला बैल, कसायापासून सोडवलेली शेळी यांचा तेथे अखेरपर्यंत सांभाळ होतो. निराधार पशूंचा हाच प्रश्न अमेरिकेत लामा या प्राण्याच्या रूपाने उभा राहिला. तेथील प्राणिप्रेमींनी त्यावर योजलेला मार्ग मात्र निराळा आहे. एकाच आश्रयस्थानी सर्वांना ठेवण्याऐवजी प्रत्येक प्राण्यासाठी योग्य घर शोधण्याचा तो मार्ग होय.

लामा हा उंटाच्या कुळातील, पण मदार नसलेला प्राणी. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत राहणाऱ्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी ग्वानाको या रानटी प्राण्यापासून तो माणसाळवला. त्याचे वजन साधारण 130 ते 200 किलो असते आणि तो पंधरा-वीस वर्षे जगतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा ओझे तो वाहतो. त्याहून अधिक लादले की खाली बसतो आणि काही केल्या उठत नाही. अतिभार लादणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे, हे श्रावकाला प्रवचनातून सांगावे लागते. लामा ते मालकाला स्वतःच शिकवतो!

1980 च्या दशकात अमेरिकेत लामा पाळण्याची मोठी लाट आली. एकेका उत्तम प्राण्याला हजारो डॉलर्स मोजले जाऊ लागले. पिल्ले विकून श्रीमंत होण्याच्या आशेने अनेकांनी रँचवर कळप वाढवले. पुढे ग्राहक कमी झाले, भाव कोसळले. पोट मात्र प्रत्येक लामाला पूर्वीइतकेच राहिले. 2002 च्या कृषिगणनेत तेथे सुमारे 1 लाख 45 हजार लामा होते, 2012 मध्ये सुमारे 76 हजार उरले. मालक वृद्ध झाला, आजारी पडला, वैरणीचा खर्च परवडेनासा झाला, की रँचवरचे दहा-वीस लामा एकाच दिवशी निराधार होतात. 2010 च्या अखेरीस मोन्टाना राज्यातील एक मोठे प्राणी-आश्रयस्थान निधीअभावी बंद पडले, तेव्हा तर कित्येक शे लामांना ऐन हिवाळ्यात घरे शोधावी लागली. अनेक संस्था व स्वयंसेवक धावून आले आणि गाड्या भरभरून प्राणी दूरदूरच्या राज्यांत पोचवले गेले. करुणेने उभारलेले आश्रयस्थानही वैरणीच्या हिशेबाशिवाय टिकत नाही, हे कोणत्याही विश्वस्त मंडळाने लक्षात ठेवावे असे आहे.

घर योग्य की अयोग्य, हे कसे ठरते? पहिला प्रश्न सोबतीचा. लामा कळपात राहणारा प्राणी आहे. एकट्याला ठेवल्यास तो खंगतो. म्हणून जाणते लोक एकटा लामा सहसा देत नाहीत, जोडी देतात. मेंढ्यांच्या राखणीसाठी एकच लामा मागणारे शेतकरी पुष्कळ असतात. तेथे मेंढ्याच त्याचा कळप होतात आणि कोल्ह्यासारख्या कायोटी या प्राण्याला तो हुसकावून लावतो. पण मोकाट कुत्र्यांच्या टोळीपुढे राखणदारच बळी पडतो, हे मागणाऱ्यास स्पष्ट सांगावे लागते. मग कुंपण, सावली, वर्षातून एकदा लोकर कातरणे, वाढलेली नखे कापणे. उष्ण व दमट प्रदेशात लोकर न कातरलेला लामा उन्हाळ्यात दगावू शकतो. पूर्वेकडील राज्यांत हरणांमार्फत पसरणारा एक जंत त्याच्या मज्जारज्जूत शिरून त्याला लुळा करतो. तेथील घराला पशुवैद्याचा शेजार हवाच. मोरकीसारखी साधी गोष्टही जिवावर बेतते. लामा प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतो. मोरकी नाकाच्या मऊ भागावर घसरली तर तो गुदमरतो.

सर्वांत अवघड पाहुणा म्हणजे बाटलीने दूध पाजून वाढवलेला नर. घरातल्या मुलांबरोबर खेळलेला, सर्वांचा लाडका. तो माणसालाच आपला जातभाई समजतो आणि वयात आल्यावर प्रतिस्पर्धी मानून छातीने धडका देऊ लागतो. दोष त्याचा नव्हे. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे असा नर देणे म्हणजे दयेच्या नावाखाली दोन्हीकडे हिंसेला वाव देणे होय. दिसायला तो सर्वांत सलगीचा, म्हणून मागणीही त्यालाच अधिक!

येथे एक कठीण प्रश्न येतो. तेथील संस्था नर लामा देण्यापूर्वी त्याचे खच्चीकरण करून घेतात. जैन आचारात निर्लांछन कर्म निषिद्ध मानले आहे, त्यामुळे श्रावकाच्या मनाला हे टोचणारच. नर व माद्या वेगळ्या कुरणांत ठेवणे हा निर्दोष मार्ग आहे. ज्याच्याजवळ जमीन व भक्कम कुंपण आहे, त्याने तोच धरावा. परंतु एका रात्री कुंपण मोडले, तर सुमारे साडेअकरा महिन्यांनी आणखी एक बेघर जीव जन्माला येतो. वयात आलेले नर एकत्र असले की टोकदार सुळ्यांनी एकमेकांना घायाळ करतात, तेही नजरेआड करता येत नाही. या प्रश्नाचे सोपे उत्तर शास्त्राच्या आधारेही मिळत नाही. एवढे मात्र खरे की नफ्यासाठी पिल्ले वाढवणाऱ्याने हे ओझे पुढच्याच्या खांद्यावर ठेवले.

घर पसंत पडल्यावरही लेखी करार होतो: सांभाळणे अशक्य झाले तर लामा बाजारात न विकता परत द्यावा. आणि पसंत न पडल्यास नकार द्यावा लागतो. दाराशी आलेल्या, भल्या मनाच्या माणसाला नकार देणे या कामातील सर्वांत जड भाग असावा, कारण रँचवरची वैरण रोज घटत असते.

निघण्याच्या दिवशी जोडीला गाडीत मोकळेच सोडतात, बांधत नाहीत. गाडी चालू लागली की लामा सहसा पाय दुमडून खाली बसतात. नव्या जागी पोचल्यावर काही दिवस त्यांना इतर जनावरांपासून वेगळे ठेवतात आणि जुन्या रँचवरचे थोडे गवत नव्या गवतात मिसळून देतात, म्हणजे पोटाला बदल सोसतो.