गांजा शेंड्यात असतो, खोडात नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशीची गळफांदी कोणती, फळफांदी कोणती, हे तुम्हाला शिकवावं लागत नाही. पण धुऱ्यावरची अंबाडी आणि गांजाचं झाड यांतला फरक किती जण सांगतील? लिनियसनं १७५९ साली अंबाडीच्या एका जातीला शास्त्रीय नाव दिलं, त्याचाच अर्थ 'भांगेसारखी'.

अंबाडी कपाशीच्या कुळातली. तिचं पान बोटांसारखं चिरलेलं, पण बुडाशी जुळलेलं. फूल भेंडीसारखं मोठं, पिवळट, मध्ये गडद. गांजाच्या देठाच्या टोकाला पाच, सात, नऊ सुट्या पात्या, कडा करवतीसारख्या. खाली पानं समोरासमोर, शेंड्याकडे एकाआड एक. फूल बारीक, बिनपाकळ्यांचं. पपईसारखी नर-मादी झाडं बहुधा वेगळी. नर पराग सांडून लवकर वाळतो. नशेचा चीक मुख्यतः मादीच्या तुऱ्यावरच्या बारीक ग्रंथींत. खोडाच्या सालीत असतो तो वाख. दाट पेरलं तर झाड सरळ, उंच वाढतं. विरळ लावलं तर फांद्या फुटून झुडूप होतं.

हे का सांगतो? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे. शेंड्याशिवायची पानं आणि बी त्यात धरलेलं नाही. वजन २० किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण ठरतं, मग जामीन महाकठीण. आणि छाप्यात काय होतं? ओली झाडं मुळासकट उपटून, गठ्ठा बांधून काट्यावर चढवतात. अशा तोलावर बोट ठेवून उच्च न्यायालयांनी जामीन दिलेले आहेत.

गैरसमज नको. परवान्याशिवाय लागवड हाच गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तुरीच्या ओळीत लपवून लावायला कुणी बी दिलं, तर त्याला वाटेला लावा. वाखासाठी, बियांसाठी सरकार परवानगी देऊ शकतं, अशी सोय त्याच कायद्यात आहे. उत्तराखंडात २०१८ साली तसा परवाना दिला गेला.

पण गावात कुणावर प्रसंग आलाच, तर पंचनाम्याला उभं राहा. शेंडे वेगळे, खोड-मूळ वेगळं, तोल वेगळा, असं लिहून घ्यायला लावा. सरकीसकट कापूस तोलून व्यापारी आपल्याला रुईचा भाव देतो का? मग मुळासकट झाड तोलून गांजाची शिक्षा कशी?