परीक्षेची धास्ती आणि संमोहन उपचार

(दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे पालक व शिक्षक यांच्यासाठी रुग्णालयाच्या सभागृहात आयोजित केलेल्या सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्या आणि रुग्णालयाची व्यवस्था पाहण्यात गेले. उपचार करणारे तज्ज्ञ व्यासपीठावर बसले आहेत आणि आमच्यानंतर ते बोलणारच आहेत. परंतु दरवर्षी जानेवारी महिना उजाडला की चौकशी खिडकीवरचे प्रश्न प्रथम आमच्या टेबलावर येतात. ‘संमोहनाने मुलाची स्मरणशक्ती वाढते का?’ ‘किती बैठकांत नव्वद टक्क्यांपर्यंत जाईल?’ ‘सगळे मिळून एकरकमी किती?’ या प्रश्नांना रुग्णालय म्हणून आमचे उत्तर काय आहे, ते सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

प्रश्न विचारणाऱ्यांची काळजी खरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्या सर्व परीक्षेमुळे झाल्या असे मुळीच नाही. कारणे अनेक असतात आणि एकात एक गुंतलेली असतात. तरीही हा आकडा समोर असताना परीक्षेच्या भीतीची थट्टा करण्याचा अधिकार आपणा कोणालाही उरत नाही.

थोडी भीती मात्र उपकारकच असते. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले, की अवघड गोष्ट शिकताना मध्यम ताण उपयोगी पडतो आणि अतिताण घातक ठरतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याला काहीच वाटत नाही, त्याची आम्हाला अधिक चिंता वाटते, असे आमचे एक जुने डॉक्टर म्हणत असत. प्रश्न उरतो तो अतिताणाचा. तोंडाला कोरड पडते, तळहात गार होतात, पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते आणि घरी तोंडपाठ असलेली व्याख्या नेमक्या वेळी आठवत नाही. ती पुसली गेलेली नसते. पेपर संपवून वर्गाबाहेर आल्यावर जिन्यातच ती आठवते, हा अनुभव येथे बसलेल्या अनेकांनी घेतला असेल.

१९६७ पासून अभ्यासक या धास्तीचे दोन भाग मानत आले आहेत. एक शरीराची खळबळ, म्हणजे धडधड, घाम, थरथर. दुसरा भाग मनातील घोकणीचा : ‘मी नापास होणार, बाबा काय म्हणतील, ताईला किती होते आणि मला किती पडणार’. गुणांवर अधिक विपरीत परिणाम होतो तो या दुसऱ्या भागाचा, कारण गणित सोडवण्यासाठी मनाची जी जागा मोकळी हवी ती ही घोकणी अडवून बसते. संमोहनाचे काम समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

संमोहन म्हटले की आपल्याकडे अनेकांना रंगमंचावरील प्रयोग आठवतात. कोणाला कच्चा बटाटा सफरचंद म्हणून खायला लावले, कोणाला नाचायला लावले, आणि प्रेक्षक हसले. त्यामुळे काही पालक घाबरून येतात, तर काही चमत्काराच्या आशेने येतात. या विद्येचा पूर्वेतिहास खरोखरच संशयास्पद आहे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, जिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, मेस्मरचा ‘प्राणिज चुंबकत्वा’चा सिद्धांत निराधार ठरवला होता. पुढे मँचेस्टरचे शल्यविशारद जेम्स ब्रेड यांनी १८४३ च्या आपल्या ग्रंथात चुंबकत्व बाजूला सारून एकाग्र अवधानावर भर दिला. रुग्णालयाच्या माणसाला विशेष वाटावे असे एक प्रकरण आपल्याच देशातले आहे. जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश शल्यविशारदाने १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे रुग्णांना मोहननिद्रेत नेऊन शस्त्रक्रिया केल्या, आणि १८४६ साली कलकत्त्यात त्यासाठी स्वतंत्र रुग्णालय त्याच्या ताब्यात दिले गेले. लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ते प्रकरण मागे पडले.

आज हा उपचार कसा होतो ते थोडे विस्ताराने सांगतो. मोहननिद्रा असा शब्द असला तरी ती झोप नव्हे. विद्यार्थी जागा असतो, ऐकत असतो, नको वाटल्यास डोळे उघडून उठू शकतो. पहिली भेट केवळ बोलण्याची असते. झोप, भूक, अभ्यास, घरातील वातावरण, पूर्वीचे आजार, सुरू असलेली औषधे यांची चौकशी होते. फिट येत असल्यास ते तेव्हाच सांगावे. संमोहन करावयाचे ठरलेच, तर पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी या दोन्ही गोष्टी लागतात. मुलाची तयारी नसेल तर आमच्याकडे हा उपचार होत नाही, वडिलांनी कितीही आग्रह धरला तरी. बैठकीच्या वेळी पालक किंवा परिचारिका उपस्थित असते.

मुलाला आरामखुर्चीत बसवून एका बिंदूवर नजर स्थिर करावयास सांगतात. श्वास संथ होत जातो, डोळे मिटतात, पायापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडला जातो. मग तज्ज्ञ त्याला कल्पनेने परीक्षेच्या दिवशी घेऊन जातात, तेही पायरीपायरीने. आधी घरातून निघणे, मग केंद्राबाहेरची गर्दी, मग फळ्यावर आसनक्रमांक शोधणे, बाक आणि शेवटी अकराची घंटा. ज्या पायरीवर धडधड वाढते तेथे थांबायचे, श्वास संथ करायचा, अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवायची आणि पुढे जायचे. बोटे टेकवणे आणि शांत होणे यांची सांगड वारंवार घातली, की बाकावर बसल्यावर तीच खूण उपयोगी पडते. तिला दैवी काही समजू नये. ती सवय आहे, आणि सवय लागण्यासाठी घरी रोज दहा-पंधरा मिनिटे सराव करावा लागतो. जे सराव करत नाहीत त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

पेपरची पहिली काही मिनिटे सर्वांत कठीण असतात. पूर्वी मंडळ प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देत असे. फेब्रुवारी-मार्च २०२३ च्या परीक्षेपासून ती पद्धत बंद झाली आणि ती दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळाली. त्यामुळे वाचन, घाबरणे आणि सावरणे हे सारे आता लिहिण्याच्याच वेळेत करावे लागते. म्हणून प्रश्नपत्रिका हाती आल्यावर तीन संथ श्वास, मग पूर्ण वाचन, मग सर्वांत सोपा प्रश्न, एवढा क्रम आमचे तज्ज्ञ बैठकीतच पक्का करून घेतात.

याचा गुण किती येतो? २०१९ साली चिंतेवरील संमोहनाच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. उपचार घेतलेल्या सरासरी व्यक्तीची चिंता, उपचार न घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांपेक्षा अधिक कमी झाली, असे त्यात आढळले. इतर मानसोपचारांची जोड असताना परिणाम अधिक चांगला दिसला. आमच्या दृष्टीने हे दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे. संमोहन शरीराची खळबळ शांत करते. ‘बाबा काय म्हणतील’ या घोकणीवर समुपदेशनच करावे लागते, आणि बऱ्याचदा ते बाबांचेही करावे लागते. सर्वच माणसे संमोहनाला सारखा प्रतिसाद देत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काहींना त्याचा उपयोग अगदी थोडा होतो. तो त्यांचा दोष नव्हे. त्यांच्यासाठी इतर मार्ग आहेत.

स्मरणशक्तीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट ‘नाही’ असे आहे. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९८५ साली या विषयाचा आढावा घेतला. संमोहनात आठवलेल्या गोष्टी अधिक अचूक नसतात, उलट चुकीच्या आठवणीविषयी माणसाला उगाच खात्री वाटू लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. न वाचलेला धडा कोणत्याही बैठकीने येत नाही. ‘गुण वाढवून देऊ’ अशी जाहिरात कोणी करत असेल, तर तेथून निघून यावे.

मागील एका वर्षी एका खासगी शिकवणी वर्गाकडून प्रस्ताव आला होता. मोठ्या सभागृहात शेकडो विद्यार्थ्यांवर एकाच वेळी संमोहनाचा प्रयोग करावा, पत्रकावर आमच्या रुग्णालयाचे नाव छापावे आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे रक्कम घ्यावी. मनोविकार विभाग तोट्यात चालतो हे ताळेबंदावरून आपल्याला दिसतेच. त्या रकमेने त्या वर्षाची तूट भरून निघाली असती, आणि हिशेबनीस म्हणून तो आकडा आम्ही विश्वस्तांपुढे प्रामाणिकपणे मांडला. विश्वस्तांनी प्रस्ताव नाकारला. आमचेही मत तेच होते.

त्याचे कारण सांगताना एका मुलीची हकिकत सांगतो. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बारावी विज्ञान शाखेच्या या मुलीला वडिलांनी ‘एकाग्रतेसाठी संमोहन’ हवे म्हणून आणले होते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बसवून तिच्याशी बोलणे केले. ती कित्येक आठवडे पहाटे तीनला जागी होत होती, जेवण अर्ध्यावर आले होते, आणि आपली आवडती पुस्तके तिने मैत्रिणींना वाटून टाकली होती. पुस्तके दिल्याचे घरात सर्वांना ठाऊक होते. ती उदार झाली असे त्यांना वाटले होते. तिला नैराश्याचा आजार होता आणि मनात मरणाचे विचार होते. तिला संमोहन दिले गेले नाही. औषधे, नियमित भेटी आणि घरच्यांनी आळीपाळीने तिच्या सोबत राहणे असा उपचार झाला. त्या मार्चमध्ये ती परीक्षेला बसली नाही, पुढच्या वर्षी बसली. शेकडोंच्या सभागृहात ती कोपऱ्यात डोळे मिटून बसली असती, आणि कार्यक्रम यशस्वी झाला असे आम्ही याच अहवालात छापले असते.

शुल्काविषयी थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. संमोहनाला खाट लागत नाही, तरी विश्वस्त मंडळाने तीच सवलत या विभागातील भेटींनाही लागू ठेवली आहे. शुल्क प्रत्येक भेटीचे नेहमीप्रमाणे घेतले जाते. एकरकमी योजना नाही, कारण किती भेटी लागतील हे पहिल्या भेटीआधी कोणालाच ठाऊक नसते.

इतरत्र जाणार असाल तर एवढे अवश्य पाहा. ‘संमोहनतज्ज्ञ’ या नावाची स्वतंत्र शासकीय नोंदणी आपल्या देशात नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. समोरची व्यक्ती वैद्यक परिषदेकडे नोंदलेली मनोविकारतज्ज्ञ आहे, की भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, हे विचारण्यात संकोच नसावा. धडधड थांबवणारी गोळी मित्राकडून घेऊन खाण्याची पद्धत मुलांमध्ये शिरली आहे. दम्याच्या रुग्णाला ती जिवावर बेतू शकते. तेव्हा दप्तर आणि औषधांचा डबा दोन्हींकडे लक्ष असू द्या.

मूल मरणाची भाषा बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी घेऊन या. बाह्यरुग्ण विभाग बंद असल्यास आमचा अपघात विभाग रात्रंदिवस उघडा असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तेथे कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावला आहे, मुलांनीही तो उतरवून घ्यावा.

आता आमच्या विभागातील मानसशास्त्रज्ञ आपल्याला संथ श्वसनाचे आणि अंग सैल सोडण्याचे प्रात्यक्षिक दाखवतील. ते संमोहन नव्हे, त्यामुळे सर्वांनी निःशंकपणे भाग घ्यावा. ज्यांना स्वतंत्रपणे बोलावयाचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर चौकशी खिडकीवर केवळ नाव व वेळ नोंदवावी, कारण तेथे विचारले जाणार नाही.