रेघेला रेघ

मंडळी, आज एका चित्रकाराची गोष्ट सांगतो. ब्रूस कॉनर त्याचं नाव. १९३३ साली अमेरिकेत जन्मला, २००८ साली वारला. मोठा खटपट्या माणूस. १९५८ साली जुन्या फिल्मांचे तुकडे जोडून त्यानं एक सिनेमा केला होता!

१९६० नंतर बाजारात नव्या तऱ्हेचं पेन आलं. त्याला लोखंडी निब नाही. दाबलेल्या धाग्यांचं टोक, त्यातून शाई झिरपते. आपली पोरं त्याला स्केचपेन म्हणतात. कॉनरनं हे पेन धरलं आणि कागदावर मंडलं काढली. मंडल म्हणजे गोल, शब्द आपल्याकडचाच. बारीक काळी रेघ वळते, वाकते, शेजारच्या रेघेजवळून जाते. मध्ये पांढरा कागद सुतासारखा उरतो. अशा किती रेघा? मोजता येणार नाहीत.

पण शाईनं दगा दिला. ही शाई उजेडात विटते. रांगोळी पुसली तर बाई उद्या नवी घालते. इथं तर एवढी मेहनत फिकी पडू लागली. मग १९७०-७१ साली कॉनरनं आपली चित्रं छापून घेतली. छापाची शाई जास्त टिकते.

यातून आपण काय घ्यायचं? हात आज कापतो, अक्षर वाकडं येतं. येऊ द्या. रेघेला रेघ जोडत चला. आणि करार, पावती असा कामाचा कागद स्केचपेननं लिहू नका, उन्हात ठेवू नका. अक्षर पुसलं, तर पुरावा गेला.